ग्राउंड निघालं, आता यादी

फौजेच्या भरतीची अंतिम यादी पीडीएफमध्ये येते. तिच्यात नावं नसतात, नुसते रोल नंबर असतात, रकान्यांमागून रकाने. बरीच पोरं आपला नंबर शोधायच्या चौकटीत टाकतच नाहीत. अंगठ्याने पान हळूहळू वर सारत जातात, कारण चौकटीत नंबर टाकला की उत्तर एका क्षणात येतं आणि तेवढी तयारी त्या घडीला नसते. आपल्या नंबराच्या अलीकडचा नंबर दिसतो, मग पलीकडचा दिसतो. मधला असला तर पोरगं फौजी, नसला तर उद्या पहाटे पुन्हा साडेचारला उठायचं.

सातारा जिल्ह्यातलं मिलिटरी अपशिंगे, कोल्हापूर जिल्ह्यातलं सैनिक टाकळी, ही गावं तर नावातच फौज घेऊन बसली आहेत. अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, त्यांची नोंद गावात दगडावर कोरलेली आहे. पण अशी नावं नसलेल्या शेकडो गावांतही "पोरगा काय करतो?" या प्रश्नाला "भरती करतोय" हे ठरलेलं उत्तर आहे. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढे काही विचारत नाही. हे उत्तर एक वर्ष पुरतं, कधी तीन वर्षं. त्या वर्षांत नेमकं काय काय घडतं आणि कुठे काय बिघडतं, हे पोराला सांगणारं माणूस घरात फार कमी वेळा असतं. काका फौजेत असला तरी तो २० वर्षांपूर्वी भरती झालेला असतो, आणि तेव्हाची भरती वेगळी होती.

तेव्हा आधी ग्राउंड, म्हणजे धावणं-पुलअपची मैदानी चाचणी, मग मेडिकल आणि शेवटी लेखी असा क्रम होता. २०२३पासून तो उलटा झाला: आधी संगणकावरची लेखी परीक्षा, तिच्यात निवडले गेलेल्यांनाच भरती मेळाव्याचं बोलावणं, मग ग्राउंड, कागदपत्रं, मेडिकल आणि अंतिम यादी. २०२५च्या भरतीचे फॉर्म १२ मार्चला सुरू झाले आणि परीक्षा ३० जूनला. त्यानंतर ज्या त्या सैन्य भरती कार्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे मेळावा. कोल्हापूरचं कार्यालय असेल तर कोल्हापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पोरांबरोबर गोव्याची पोरंही त्याच रांगेत असतात. फॉर्म मार्चमध्ये भरला तर प्रशिक्षण केंद्राचं फाटक दिसेपर्यंत हिवाळा उजाडतो, कधी तो सरूनही जातो.

आणि वय तर थांबत नाही. अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी घेतलेला सैनिक. त्याच्यासाठी साडेसतरा ते एकवीस ही मर्यादा ठरली, तेव्हा साडेतीन वर्षांचीच खिडकी उरली. म्हणजे तीन, फार तर चार संधी. कोविडच्या काळात ही खिडकी कशी मिटते ते देशाने पाहिलं. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तराप्रमाणे २०२०-२१मध्ये ठरलेल्या ९७ मेळाव्यांपैकी ४७ झाले, आणि लेखी परीक्षा झाली ती फक्त चार मेळाव्यांची. बाकीची पोरं ग्राउंड आणि मेडिकल पास होऊन लेखीची तारीख बघत बसली. ती तारीख पुढे जात राहिली. १४ जून २०२२ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जुनी प्रक्रियाच रद्द झाली. त्या एका वर्षापुरती वयाची अट २३ केली, पण पास झालेलं ग्राउंड आणि पास झालेलं मेडिकल काही परत मिळालं नाही. त्यांची बाजू न्यायालयातही मांडली गेली, निकाल त्यांच्या विरोधात गेला. आजही पेट्रोल पंपावर, एमआयडीसीत, ट्रॅक्टरवर अशी मुलं भेटतात, जी शरीराने फौजेला चालली होती. त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्यांची काही चूक नव्हती, एवढं तरी लिहून ठेवायला हवं.

पण जिथे आपल्या हातात काही असतं, तिथेही पोरं अडकतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या क्रमामुळे. गावाकडे तयारी म्हणजे रनिंग. अकादमीत नाव घातलं, महिन्याची फी भरली, बूट घेतले की धावायला सुरुवात. खरं तर पहिल्या आठवड्यात धावायचंच नाही, आधी शरीर तपासून घ्यायचं. उंची महाराष्ट्रातल्या जनरल ड्युटीच्या, म्हणजे साध्या सैनिकाच्या पदासाठी उतरणाऱ्या मुलांसाठी १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटरने जास्त. माजी सैनिकांच्या मुलांना उंचीत २ सेंटिमीटरची सूट आहे. या गोष्टी घरच्या भिंतीवर पेन्सिलने आणि शिंप्याच्या टेपने मोजता येतात. फक्त उंची सकाळी मोजू नये, संध्याकाळी मोजावी. दिवसभरात माणूस थोडा खचतो, आणि मेळाव्यात रात्रभर उभं राहून आल्यावरच मोजणी होते.

मग डोळे. रंग ओळखायची ठिपक्यांची तबकडी नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. रंगांधळेपण जन्माचं असतं, त्याला औषध नाही आणि सरावही नाही. काही जण तबकड्यांतले आकडे पाठ करतात, पण तपासणारा पानं उलटसुलट करतो आणि पुढे केंद्रावरही पुन्हा तपासणी होते. मग पाय. ओला तळवा फरशीवर ठेवून उचलायचा: मधली कमान कोरडी राहिली तर ठीक, अख्खा तळवा उमटला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. आरशासमोर पाय जुळवून उभं राहायचं. गुडघे एकमेकांना टेकून घोट्यांमध्ये फट पडत असेल तर तीही मोजून घ्यायची, कारण तिथे मोजतात. कोपर सरळ केल्यावर हात बाहेरच्या बाजूला जास्त वळतो का, तेही पाहतात.

या सगळ्याला एक सकाळ लागते. एवढी एक सकाळ न दिल्यामुळे तीन वर्षं पहाटे उठलेला, पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे मीटर काढणारा मुलगा शेवटच्या टप्प्यावर "पर्मनंट अनफिट" होऊन घरी येतो. कारण जन्मापासून त्याच्या डोळ्यांत होतं. अकादमीवाल्यांनी प्रवेशाच्या वेळी ही तपासणी सक्तीची केली पाहिजे. काही चांगले प्रशिक्षक, विशेषतः स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, ती करतातच. जे करत नाहीत ते मुलाची फी घेतात आणि त्याचं वय खर्च करतात.

आता रनिंग. १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत काढलं तर ६० गुण, ५:४५पर्यंत ४८. पुढे मंद गतीचे गट वाढवले, पण त्यांचे गुण इतके कमी की त्यांच्या भरवशावर यादीत बसणं अवघड. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या म्हणजे एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. सरावात नेमकं ५:३० काढून समाधान मानणारा मेळाव्यात हमखास मागे पडतो. तिथे मोठी बॅच एका दोरीमागे दाबून उभी असते. दोरी सुटली की पहिले दोनशे मीटर कोपरांचे असतात, आणि वळणावर बाहेरून धावावं लागतं तिथे दहा-वीस मीटर फुकट जातात. शिवाय रात्रभर झोप नाही. म्हणून घरच्या ट्रॅकवर ५:१० हाताशी असलं पाहिजे.

ते रोज जीव तोडून सोळाशे मारून येत नाही. रोज वेळ लावून पळणारी पोरं पहिल्या दोन महिन्यांत सुधारतात आणि मग तिथेच अडकतात. आठवड्यातून दोन दिवस चारशे-चारशेचे सहा तुकडे, प्रत्येकी ऐंशी सेकंदांच्या आसपास, मध्ये दोन मिनिटं चालणं. दोन दिवस पाच-सहा किलोमीटर निवांत, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा गतीने. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण सोळाशे घड्याळ लावून. आणि एक दिवस संपूर्ण सुट्टी. ही सुट्टी घेताना पोरांना अपराधी वाटतं, पण ताकद त्याच दिवशी भरते.

नडगीचं दुखणं हा या वाट पाहण्यातला सगळ्यात मोठा चोर. पहाटे ट्रॅक नसतो, डांबरी रस्ता असतो. बुटाचा सोल एका बाजूने झिजलेला असतो. मेळाव्याची तारीख कळली की पोरगं अंतर एकदम दुप्पट करतं. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर स्नायू आणि हाडाच्या आवरणाला सूज आहे. दोन-तीन आठवडे धावणं थांबवून सायकल किंवा पोहणं केलं, बर्फ लावला, तर सहसा बरं होतं. पण बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूत कळ येते, एका पायावर उडी मारता येत नाही, रात्रीही ठणकतं, असं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग एक्स-रे आणि सहा ते आठ आठवडे पूर्ण विश्रांती. वेदनाशामक गोळी खाऊन पळणारा ती चीर स्वतः रुंद करतो. बुटांचंही गणित आहे. आठवड्याला ३० किलोमीटर धरले तर पाच महिन्यांत ६०० किलोमीटर होतात, तिथे बुटाचा जीव संपत आलेला असतो. वरून नवा दिसला तरी.

धावून आल्या आल्या बीम, म्हणजे आडव्या दांड्यावरच्या पुलअप. दहा पुलअपला ४० गुण, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. म्हणजे शेवटच्या चार पुलअप २४ गुणांच्या आहेत, आणि नेमक्या त्याच धापा टाकताना माराव्या लागतात. दर वेळी हात पूर्ण सरळ, हनुवटी दांड्याच्या वर, झोका नाही. झोका घेतलेली मोजत नाहीत. म्हणून घरी सरावही धावून आल्यावरच करावा. ज्याला एकही जमत नाही त्याने स्टुलावरून वर जाऊन पाच सेकंद मोजत हळूहळू खाली यायचं, रोज दहा वेळा. महिनाभरात पहिली निघते. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरचा तोल यांना गुण नाहीत, पास व्हावं लागतं. खड्डा सोपा वाटतो म्हणून कुणी सराव करत नाही, आणि ओल्या मातीत पाय घसरून परत जाणारे असतातच.

लेखीबद्दल थोडक्यात. जनरल ड्युटीला एका तासात ५० प्रश्न, १०० गुण, चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा वजा. २०२५पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते, ही मोठी सोय झाली. पण अंतिम यादीत या गुणांचाही हिशेब असतो. "नुसतं पास झालो की बास" म्हणून अभ्यास सोडणारा ग्राउंडला शंभरपैकी शंभर आणूनही यादीबाहेर राहू शकतो.

मग फाइल. तिच्यापायी जेवढी पोरं परत जातात तेवढी खड्ड्यात पडून जात नसतील. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. हा क्रम एक वेळ समजून घेतला जातो, पण स्पेलिंग नाही. वडिलांचं नाव एकीकडे दत्तात्रय आणि दुसरीकडे दत्तात्रेय, जातीच्या दाखल्यावर आडनावाचा एक काना जास्त, इंग्रजीत एका जागी दोन 'ए' आणि दुसऱ्या जागी एक: हे सगळं मेळाव्याच्या टेबलावर पहाटे चार वाजता उघडं पडतं. दहावीचा कागद हा मूळ धरायचा आणि बाकी सगळे कागद त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचे. आधारची दुरुस्ती काही आठवड्यांत होते, राजपत्रात नाव बदलायचं असेल तर वेळ लागतो. म्हणून हे काम फॉर्म भरायच्या आधीचं आहे.

तहसीलदारांचा अधिवास दाखला, जातीचा दाखला, शाळेचं आणि सरपंचांचं चारित्र्य प्रमाणपत्र, अविवाहित असल्याचा दाखला, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे २० फोटो. सरपंचांचे दाखले सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत, आणि फोटोही अलीकडचा लागतो. मार्चमध्ये उत्साहाने काढलेला दाखला ऑक्टोबरच्या मेळाव्यात शिळा झालेला असतो. एनसीसी, खेळाडू किंवा माजी सैनिकाच्या नात्याचे बोनस गुण असतील तर ते कागद आधी. नात्याचा दाखला वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून येतो आणि त्याला महिने लागू शकतात. सगळ्याच्या तीन-तीन प्रती, मूळ कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. मेळाव्याला रात्री बाराला फाटकापाशी बसायचं असतं आणि पाऊस कुणाला विचारून येत नाही.

मेडिकलमध्ये सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात जास्त आढळणारी अडचण म्हणजे कानातला मळ. मळामुळे पडदा दिसला नाही तर डॉक्टर पास करणार तरी कसे? पंधरा दिवस आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान साफ करून घ्यावा. घरी काडी घालू नये. ती मळ आत ढकलते आणि कधी पडदाच फाडते. हायड्रोसील, व्हेरिकोसील, मूळव्याध, नाकाचा वाकडा पडदा यांची शस्त्रक्रिया होऊ शकते, पण जखम पूर्ण भरायला वेळ द्यावा लागतो. मेळाव्याच्या पंधरा दिवस आधी टाके घालून आलेला तिथे पास होत नाही. नाडी आणि रक्तदाब जागरणाने, चहाने, एनर्जी ड्रिंकने वाढतात. गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं. दंडावर मोठं चित्र काढून घेतलेल्या पोराला कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं.

"टेम्पररी अनफिट" लिहून आलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. तसं करू नये. तो नकार नाही. सोबत मिळालेल्या कागदावर लष्करी रुग्णालयाचं नाव आणि मुदत असते, तिथे विशेषज्ञ पुन्हा तपासतात. मात्र ही मुदत दिवसांत मोजायची असते. कोण जाऊन काय होणार, गाडीभाडं कुठून आणणार, या विचारात पोरं ती घालवतात, आणि तेव्हा मात्र तो नकारच होतो.

मेडिकल आणि यादी यांच्या मधल्या आठवड्यांत एक माणूस घरी येतो. त्याची ओळख वरपर्यंत असते. काम झालं तरच पैसे, नाही झालं तर एक रुपयाही नको, असं तो म्हणतो, म्हणून खराही वाटतो. त्याचा हिशेब साधा आहे. तो असं दहा घरांत बोलतो. यादी मेरिटने लागते आणि त्यातली तीन-चार पोरं आपल्या दमावर येतातच. त्यांचे पैसे तो ठेवतो, बाकीच्यांचे प्रामाणिकपणे परत करतो, आणि पुढच्या वर्षी त्याच प्रामाणिकपणाची साक्ष परत मिळालेलेच देतात. त्याने यादीत काहीही केलेलं नसतं. ज्या पोराने पाच वाजताच्या थंडीत सेकंद सेकंद मिळवला, त्याचं श्रेय आणि बापाची म्हैस तो घेऊन जातो. अशा माणसाला ओट्यावरही बसू देऊ नये.

यादीत नंबर आला की गावात फ्लेक्स लागतो. हार, गुलाल, हलगी. आणि मग काही आठवडे, कधी काही महिने, पोरगं ना गावातलं असतं ना फौजेतलं. डिस्पॅचची, म्हणजे प्रशिक्षण केंद्राकडे पाठवणीची तारीख यायची असते, पोलिस पडताळणी चालू असते. यादीत येणं म्हणजे भरती होणं नव्हे. कागद खोटा निघाला, गुन्हा दाखल झाला, केंद्रावरच्या तपासणीत काही आढळलं, तर ते तिथूनही परत पाठवतात. या दिवसांत मोटारसायकलवर तिघांनी जाणं, जत्रेत कुणाच्या भांडणात मध्ये पडणं, मित्राच्या खोलीवरच्या ओल्या पार्टीला बसणं, याची किंमत एरवीपेक्षा फार मोठी असते. घरच्यांनी सोयरीक बघायला घेऊ नये. अग्निवीराला चार वर्षं अविवाहित राहावं लागतं.

आणि याच दिवसांत पोरं पळायचं थांबतात. तीन-चार आठवडे पूर्ण बंद केलं तर दम उघड उघड कमी होतो. पुढे ३१ आठवड्यांचं प्रशिक्षण आहे, त्यातले पहिले दहा मूलभूत. तिथे पहिल्या पंधरवड्यात नडगी धरून आजारी परेडला जाणारे बहुतेक हेच, हार घालून घरी बसलेले. वेग नको, पण आठवड्यातून तीन दिवस पाच-सहा किलोमीटर चालू ठेवावं. सोबत कधी न केलेल्या गोष्टी: बटण शिवणं, मच्छरदाणी बांधणं, बूट पॉलिश, फोनच्या गजराशिवाय उठणं, आणि हिंदी बोलणं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत गेला तर आजूबाजूला मराठी कानावर पडेल. पण नाशिकचा तोफखाना, अहिल्यानगरचं रणगाड्यांचं किंवा यांत्रिक पायदळाचं केंद्र, खडकीचे सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंते, मध्य प्रदेशातल्या सागरची महार रेजिमेंट, कुठेही नंबर लागू शकतो, आणि शेजारच्या खाटेवर बिहारचा किंवा तमिळनाडूचा मुलगा असू शकतो.

डिस्पॅचच्या आदल्या रात्री बॅग भरायला अख्खं घर बसतं. लाडवांचा डबा, लोणचं, नवा टॉवेल, चादर. डबा जाऊ द्यावा, आईच्या समाधानासाठी. तो पहिल्या रात्रीच्या गाडीतच सगळ्या पोरांत संपतो. बॅगेत तळाशी नाही, वर हाताशी ठेवायची ती फाइल. त्यात एक कोरा कागद घालून त्यावर घरचे, मामाचे आणि शेजाऱ्याचे असे तीन फोन नंबर हाताने लिहून ठेवावेत. केंद्रावर पोचल्यावर मोबाइल जमा करून घेतात, आणि पहिल्या रविवारी फोन करायला दिला तेव्हा आईचाच नंबर पाठ नाही असं दर बॅचमध्ये दोन-चार पोरांचं होतं.